नातवंडाचे नऊ कपडे

१४ मे, रविवार, सकाळी ७
मी हिसाशी कुवाबारा, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, इमाबारीच्या टॉवेल गिरणीत माल-तपासनीस. मुलगी चिनात्सु जूनमध्ये बाळंतपणासाठी माहेरी येणार. तत्पूर्वी बाळाचे नवे कपडे पाण्यातून काढून ठेवण्याचा रिवाज, पत्नी सुमिए हयात नसल्याने, मी पार पाडणार आहे. नोंद केवळ शिस्तीसाठी.
येण्याबद्दल विचार करते, असे चिनात्सु फोनवर म्हणाली. बाजारात याचा अर्थ नकार, हे मी जाणतो. घरात तसा नसतो.

२१ मे
कपडे नऊ, तलम सुती. लेबले कापली. उलटे केले. पाणी तीस अंश, थर्मामीटरने. नंतर उलगडा झाला की सुमिएच्या लेबल नसलेल्या बाटलीत साबण नव्हे, सॉफ्टनर होता. तान्ह्याच्या त्वचेला तो नको. टॉवेलच्या गिऱ्हाइकांनाही मी वीस वर्षे सॉफ्टनर टाळायला सांगतो. दोष बाटलीचा.
कपडे वाळताना घरभर सुमिएचा वास आला. दुपारी काही काम झाले नाही.

२८ मे
पुन्हा धुतले. साधे पाणी, चारदा खळबळून. शेजारच्या नोमाबाईंनी कुंपणावरून विचारले, कुवाबारासान, बाळाला काय नुसते दोरे नेसवणार? सुमिए अंथरुणाला खिळली होती तेव्हा हे हात कुठे होते, असेही हसत हसत विचारले.
तेव्हा गिरणीत वार्षिक तपासणी होती. चादरी चिनात्सु धूत असे. रोज. तपासणी पुढे ढकलता आली नसती. ढकलता येईल का, हे मी विचारले नव्हते.

४ जून
ढगाळ. धुणे रद्द. चिनात्सुची खोली झाडली. फोन केला, तिने उचलला नाही. या दिवसांत झोप फार लागते.

११ जून
ऊन. तिसरी धुलाई. वास संपूर्ण गेला. बाटलीही ओतून टाकली. कपडे सूर्यास्तापूर्वी आत घेतले. रात्री बाहेर राहिले तर बाळ रडते, असे सुमिए म्हणे. माझा विश्वास नाही.

२५ जून
चिनात्सुचा फोन. मुलगी झाली, बारा दिवसांपूर्वी, तिकडे योकोहामातच. सासूबाई मदतीला आहेत. मी वजन विचारले. मग म्हणालो, कपडे तयार आहेत, पाठवतो. कुणी धुतले, असे तिने विचारले. मी, म्हणालो, तीनदा. पलीकडे बाळ रडत होते. मग ती म्हणाली, विचार करते हं, बाबा.
बरे, म्हणालो. गिऱ्हाइकाला म्हणतो तसेच.
कपडे घडी करून सुमिएच्या कपाटात ठेवले. त्यांना आता कसलाच वास नाही.

हिसाशी कुवाबारा
इमाबारी, २५ जून