घोसातले लाल गोल

३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

आईच्या अंगठ्याची जखम भरत नाही. साखर वाढलेलीच आहे. नमुना आमच्याच लॅबमध्ये तपासला, पण बाबांनी आधीच घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे जंतू वाढवायच्या बशीत काही वाढलंच नाही. राहिली ती काचेची स्लाइड. मीच रंगवली: घोसाघोसाने गोल जिवाणू, सगळे लाल. त्या लाल रंगावरून डॉक्टरांनी औषध दिलं, पण उतार नाही. सोमवारी अंगठा काढायचा म्हणतात. आई भिंतीकडे तोंड करून पडून असते. लागोपाठच्या ड्युट्यांनी मलाही आता उभं राहवत नाही.

तुझ्या मायेवर विसंबलेली,
ठमी

५ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोनवर मला ऐकू येत नाही आणि टपालाची वाट बघवत नाही, म्हणून हे खालच्या कंपाउंडरच्या हाती पाठवते.

तुझ्या बाबांना सांग, विषाणू, बुरशी आणि जिवाणू ही वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. एकाची गोळी दुसऱ्याला लागू पडत नाही. जिवाणूंतही गोल वेगळे, दांडीसारखे वेगळे, वळसे घेतलेले वेगळे. शाळेत हेडमास्तर होते म्हणून घरात औषधं वाटायचा अधिकार त्यांना कुणी दिला?

आता तू. घोसातले गोल, आणि लाल? जन्म गेला माझा भिंगाला डोळा लावण्यात. जखमेतले असे घोस मी जांभळेच पाहिले. त्यांची भिंत जाड, स्पिरिटने धुतलं तरी जांभळा रंग सोडत नाहीत. पातळ भिंतीचे सोडतात आणि वरून दिलेला लाल घेतात. दोघांची औषधंही वेगळी. पण स्पिरिट ओततच राहिलं तर जाड भिंतीचेही रंग सोडतात. दोन ड्युट्या लागोपाठ केल्यास ना? उभ्याउभ्या पेंगत ओतलं असशील. काचेच्या कडेला ओळखीच्या जांभळ्या जिवाणूचा ठिपका लावला होतास का? तोही लाल दिसला की धुणं चुकलं समजावं. नमुन्याची दुसरी काच राखलेली असेल. ती रंगव, ठिपका लावून, आणि बसून. सोमवारच्या आत. डॉक्टरांना सांगायला जीभ रेटली नाही तर माझं नाव घे. अजून भितात मला.

रागावले आहे. जीव आहे म्हणूनच.
मावशी

१४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न.

ठिपका लावला नव्हता. या वेळी लावला. ठिपका जांभळा, आईचे घोसही जांभळे. काच डॉक्टरांपुढे ठेवून चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी औषध बदललं. काल म्हणाले, अंगठा राहील. बाबांनी गोळ्यांचा डबा स्वतःच रिकामा केला. आई म्हणते, ताईला माझ्यापेक्षा माझ्या जंतूंचीच काळजी जास्त.

तुझं नाव घ्यावं लागलं नाही. असंच रागावत राहा.
ठमी

१६ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अंगठा राहिला, बरं वाटलं. नाव घेतलं नाहीस, त्याहून बरं वाटलं. माझ्या धाकट्या बहिणीला सांग, मला जिना उतरवत नाही. चालायला लागली की तिनेच चढून यावं आणि जंतूंवरून माझ्याशी समोरासमोर भांडावं.

मी फार थकले आहे, ठमे. तरी एक विचारते, कारण तू ते लिहिलेलं नाहीस. त्याच ड्युटीला, त्याच पेंगत्या हाताने तू आणखीही काचा रंगवल्या असशील. त्या पुन्हा पाहिल्यास का? त्या माणसांना मावशी नाही.

पाहून झाल्या की लिही. तोवर आहे तेवढा लोभ पुरवून वापर.
मावशी