उत्तरदाता क्रमांक तेवीस

प्रिय सुजित,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. तुझ्या पीएच.डी.चे पेढे पोचले. प्रबंधही वाचला. पान एकशे बारावर आमचे शेजारी गणराजभाऊ भेटले. नाव नाही, गाव नाही. उत्तरदाता क्रमांक तेवीस!

गेल्या वर्षी मार्चमध्ये तू भोसरीला आमच्या खोलीवर आलास. तू माझा भाऊ म्हणून गणराजभाऊ बोलायला बसले, नाहीतर कंपनीच्या धाकाने कुणी तोंड उघडत नाही. तू रेकॉर्डर लावलास. चाकणच्या कंपनीत प्रेसचा सेन्सर सुपरवायझरनेच बंद करून ठेवलाय, हात आत असला तरी मशीन थांबत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी चहा गाळत होते, तशीच थबकले. ते गेल्यावर कुठेतरी कळवू या म्हटलं, तर मलाच दटावलंस. म्हणे समाजशास्त्र हे शास्त्र आहे, संशोधकाने मध्ये पडलं की निष्कर्ष बिघडतो.

अरे शहाण्या, मीही दिवसभर मोजमापच करते. वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे मी. गेज लावला आणि जॉब मापाबाहेर दिसला, तर लाइन थांबवते. वहीत आकडा लिहून घरी येत नाही. मग मोजायचं तरी कशाला? तुमचं शास्त्र आहे की नाही, ते तुमच्या विद्यापीठात बसून ठरवा. तीनच महिन्यांनी, जूनमध्ये त्याच प्रेसखाली गणराजभाऊंच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. तुझ्या तक्त्यात त्याचा रकाना आहे का रे? तुला शिकता यावं म्हणून मी बारावीनंतर कामाला लागले, त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

आणि मी तरी काय दिवे लावले? भाऊ शिकलेला, त्याला जास्त कळतं, म्हणून गप्प बसले. गणराजभाऊंची बायको करिष्मा रोज नळावर भेटते. तिच्याकडे मान वर करून बघवत नाही मला.

आता कंपनी म्हणते, सेन्सर गणराजभाऊंनी स्वतःच त्या दिवशी बंद केला. म्हणजे नोकरी गेलीच, भरपाईही नाही. सोमवारी कामगार न्यायालयात सुनावणी आहे. मार्चमधलं त्यांचं बोलणं रेकॉर्ड झालेलं फक्त तुझ्याकडे आहे, आणि तू गोपनीयतेचं वचन दिलंय म्हणून हात झटकलेस. वचन कुणाला दिलंस? त्यांनाच ना? मग सोबतचा कागद बघ. माझं रेकॉर्डिंग द्या, माझं नाव सांगा, असं त्यांनीच लिहिलंय. अक्षर लागत नसेल तर सावकाश वाच. डाव्या हाताने एवढ्या चार ओळी लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली.

तुझीच,
विजयश्रीताई