उरलेल्या कॅप्सूल

मंद्रूप,
१९ जुलै १९७७

प्रिय रत्ना,

आपली अव्वा बरी आहे, गुडघे सोडून. तुला आशीर्वाद सांगितलाय आणि शेंगाची चटणी पाठवू का विचारलंय. या महिन्यात मी तीनदा तुला लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा इथपर्यंतच आलो. आज दुकान बंद ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाइकाचं निमित्त नको.

तुझ्या सासूबाईंचं पत्र आलं, ते अव्वाला मीच वाचून दाखवलं. तुला सातवा लागलाय, पण बाळंतपण झालं की मूल थोरल्या जावेच्या हाती द्यायचं म्हणतात. रत्नम्माला पोराचं कळत नाही, पोटच्या निंगीच्या आजारात हिनं "चार दिस घरातच काढले," असं लिहिलंय. अव्वा रडली. मला म्हणाली, "आपल्या पोरीनं असा उशीर का केला आसंल रे?" मी पत्राची घडी घातली आणि दुकानात निघून गेलो. दोन वर्षं मी हेच करतोय.

बाजारच्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानापुढे केवढी गर्दी असायची, तू पाहिलीयस. "त्या जुलाबाच्या चार द्या की, अण्णा." डॉक्टरची चिठ्ठी मी कधी मागितली नाही. कॅप्सूल कागदात बांधायच्या आणि वर शहाणपण शिकवायचं, जुलाब थांबला की गोळी थांबव, उरलेली जपून ठेव, पुढच्या खेपेला कामाला येईल. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की घरोघरी देवळीत विभूतीच्या शेजारी एखादी कॅप्सूल असायचीच. डॉक्टरपेक्षा शिवपुत्र बरा, असं म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. करमाळ्याला सासरी निघालीस तेव्हा तुझ्या पिशवीत पुडी मीच कोंबली होती.

निंगी आजारी पडली ती तुम्ही मायलेकी इथून माहेरपण करून गेल्यावर. त्या आठवड्यात आपल्या गल्लीत बऱ्याच घरांत रक्ताची आव होती आणि माझ्या कॅप्सूलने कुणालाच गुण येत नव्हता. मला ते दिसत होतं, रत्ना. माल जुना असेल म्हणून मी नवा डबा फोडला, तरी तेच. आणि बाजारच्या दिवशीच पोस्टातून बोलावणं आलं, तुझा ट्रंककॉल. तू रडत होतीस. "अण्णा, दोन दिस झाले, रगत थांबंना. सोलापूरला घेऊन येऊ व्हय?" माझ्या औषधाला आता गुण नाही, एवढं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, एवढ्यासाठी पोरीचे एसटीत हाल नकोत, पुडीतली दुप्पट दे, उद्या थांबेल. तू माझं ऐकलंस. चौथ्या दिवशी तुम्ही तिला सोलापूरला आणली तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि रडायलाही पाणी नव्हतं.

ती गेल्यावर आठवड्याने दवाखान्याच्या लॅबोरेटरीतल्या डॉक्टरांनी मला बोलावलं. काचेच्या ताटलीत निंगीच्या पोटातले जंतू वाढवले होते आणि मध्ये माझ्याच औषधाची टिकली ठेवली होती. जंतूंनी तिच्यापासून लांब राहायला हवं होतं. ते पार कडेपर्यंत साय धरल्यासारखे पसरले होते. अर्धवट औषधाने कच्चे जंतू मरतात, चिवट मागे राहतात, मग त्यांचीच प्रजा गावभर पसरते, असं त्यांनी समजावलं. दुसरं एक औषध लागू पडत होतं. दोन दिवस आधी आणली असती तर ते देता आलं असतं, सलाइनही. मग त्यांनी विचारलं, तुम्ही ही कॅप्सूल किती दिवसांची देता? मी पाच दिवसांची म्हणालो. तिथेही खोटं बोललो.

पण सगळ्यात जास्त लाज मला तुमच्या ओसरीवरची वाटते. सासूबाईंनी साऱ्या भावकीदेखत विचारलं, "एवढा येळ का लावलास ग?" तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. फोनचं नाव काढलं नाहीस. अण्णाचं दुकान बसेल, अण्णाला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हेच मनात आलं असेल ना? आणि मी वर कौलं बघत उभा राहिलो. पुढे मी त्या कॅप्सूल चिठ्ठीशिवाय देणं बंद केलं, पण का, ते कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणतात, शिवपुत्राला माज आला.

हे पत्र वाचून तू चुलीत घालशील आणि पुन्हा गप्प बसशील, तुला मी ओळखतो. म्हणून ट्रंककॉलपासून डॉक्टरांना दिलेल्या खोट्या उत्तरापर्यंत सगळं मी रुद्रप्पादाजींना परवाच लिहून टाकलंय. हे तुझ्या हाती पडेल तोवर त्यांनी ते त्यांच्या आईला वाचून दाखवलं असेल. शनिवारी मी येतोय, त्याच ओसरीवर सासूबाईंपुढे तोंडानेही सांगेन. त्यांना काय बोलायचं ते मला बोलू देत, तू मध्ये पडू नकोस. माफ कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. माझं पुढे काय व्हायचं ते होवो, तुझं बाळ तुझ्याच मांडीवर वाढलं पाहिजे.

तुझाच,
शिवपुत्रअण्णा