परप्रांतातली नेमणूक

१२ फेब्रुवारी २०२४, स्टेट कॉलेज

आज वर्गात चीनच्या छिंग बादशहांचा एक नियम शिकवला — अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमायचंच नाही. भाऊबंद, सोयरे गोळा झाले की तो बादशहाचा राहायचा नाही! म्हणून धाडायचा परप्रांतात. तिथली बोली कळत नाही, एक चेहरा ओळखीचा नाही. गावचे जमीनदार त्याला आग्रहाने जेवू घालणार, आणि शेतसारा मात्र स्वतःच्या मर्जीने भरणार. हुकूम बादशहाचा, गाव जमीनदारांचं. मधे हा.

मागच्या बाकावरून आन्या म्हणाली, "सो... ही वॉज जस्ट लोनली?"

पुस्तकात मी यावर चाळीस पानं लिहिलीत. पोरीने पाच शब्दांत उरकलं.

रवींद्र अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, रेडमंडला; मी इथे पूर्वेला. अकरा वर्षं. सुट्टी लागली की जायचं, सुट्टी संपली की यायचं. आम्हाला कुठल्या बादशहाने धाडलं, कोण जाणे.

२० फेब्रुवारी

रेडमंडजवळच्या एका कॉलेजात माझ्याच विषयाची जागा निघालीय! अशा जागा धूमकेतूसारख्या येतात. लगेच अर्ज केला. रवींद्रला फोन केला, तर म्हणे, "बघ, तुला जमेल तसं." नवरा आहे की ट्रॅव्हल एजंट!

११ मार्च

मुलाखत झाली, व्हिडिओवर. एका गृहस्थांनी विचारलं, "मग शेवटी जिंकलं कोण? बादशहा की जमीनदार?"

म्हटलं, "जो तिथेच राहत होता, तो."

सगळे हसले.

१७ मार्च

उत्तर नाही. रवींद्रला सर्दी झालीय. फोनवर खोकत होता. शेजारी बसून ऐकला तर त्याचा खोकला कसा वाटतो, आठवेना. असल्या गोष्टीसाठी जीव तुटतो, हे कुणाला सांगायचं? पन्नाशीत!

५ एप्रिल

मिळाली!!

"अगं, काय सांगतेस!" रवींद्र ओरडलाच. मग — "पण आपल्याकडे पार्किंग एकच आहे हं."

१९ मे

इथलं सामान वाटून टाकलं. सोफा शेजारच्या निधीने नेला. "मावशी, आता मजा आहे तुमची," म्हणाली. मी चक्क लाजले.

२ जून, रेडमंड

पोचले. बाहेर पाऊस. रवींद्रने कपाटातला एक कप्पा रिकामा करून ठेवलाय. एक! नवा टॉवेल घडी करून पलंगावर. चहा ओतता ओतता सहज विचारलं त्याने, "परतीचं फ्लाइट कधीचंय?"