हौदात राणी नव्हती

३ मार्च, सोमवार

नवं पत्रक आलं! आपल्या किनाऱ्यावरची ‘अवश्य पाहावीत अशी प्राचीन स्थळं’. त्यात बुडालेला धक्का, रंगशाळा, दीपस्तंभ — आणि राणीचं स्नानगृह! मार्गदर्शकांनी पत्रकातलंच बोलायचं, असं पर्यटन कार्यालयातल्या साहेबांनी बजावलंय.

कसलं स्नानगृह? त्या दगडी हौदात मासे खारवत! उत्खननाचा अहवाल मी वाचलाय. हौदाच्या तळाशी माशांचे काटे सापडलेत. त्या खारवलेल्या मासळीसाठी जहाजं आली, मग रंगशाळा, मग दीपस्तंभ. मिठाने ज्यांचे हात फाटले, त्यांच्या जागी मी राणी आणून बसवू? नाही बसवणार.

५ मार्च, बुधवार

बसमध्ये माइकवरून खरं तेच सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, “मग पाटीवर राणी कशी?”

म्हटलं, “आजोबा, या हौदाला पाणी जायला वाटच नाही. राणी काय अंघोळ झाल्यावर बादलीने उपसत बसायची?”

सगळी बस हसली. चालक तेवढा हसला नाही. चालक म्हणजे माझा नवरा.

घरी आल्यावर म्हणाला, “भाषणबाई, आपल्या दोघांचे पगार त्याच दारातून येतात. जरा जिभेला आवर घाल.”

८ मार्च, शनिवार

साहेबांचं बोलावणं. “मॅडम, लोक सुट्टीवर येतात. त्यांना राणी आवडते. मासळीचा वास कशाला?”

“साहेब, मासळीचा वास केव्हाच गेला. खोट्याचा मात्र आत्ता येतोय.”

माझा मार्गदर्शकाचा बिल्ला काढून घेतला! माफीच्या दोन ओळी लिहून दिल्या तर परत मिळेल म्हणे. दोन ओळी? एक अक्षर देणार नाही!

९ मार्च, रविवार

नवऱ्याशी कडाक्याचं भांडण. “लिहून टाक ना! राणी काय, मासेवाले काय — सगळी मेली आता!”

मेली म्हणूनच! त्यांच्या बाजूने बोलायला दुसरं कोण उरलंय?

अबोला.

१३ मार्च, गुरुवार

बिल्ला नाही तर नाही. तिकीट काढून हौदाशी उभी राहिले. पर्यटकाचं तोंड कोण धरणार? पण साहेब वस्ताद! बस आता इथे थांबतच नाही, हौद खिडकीतूनच दाखवतात. आमच्या घरचीही बस धूळ उडवत गेली. नवऱ्याने मानसुद्धा वळवली नाही.

तरी बोलले. श्रोते — एक कुत्रं आणि समुद्र. कुत्रं मधेच उठून गेलं.

१४ मार्च, शुक्रवार

अबोला चालूच. उद्याही जाणार. परवाही.

१६ मार्च, रविवार

दुपारी त्याची बस हौदासमोर येऊन थांबली. खाली उतरला, बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं. “इंजिन तापलंय! वेळ लागेल. उतरा सगळे!”

जवळ जाऊन पाहिलं. वाफ नाही, काही नाही. डोकं वर न काढताच तो पुटपुटला, “माशांपासून सुरू कर.”