लघवी वर चढत नसते

२ एप्रिल
चार वर्षांच्या शितलला परत ताप. वापीच्या डॉक्टरने लघवीच्या पिशवीत औषध सोडून फोटो काढले. म्हणे पिशवीतली लघवी उलटी किडनीत जाते. आधी गुजरातीत समजावलं, मग मराठीत. दोन्हीत चूक. मी आशागडच्या चिकूवाड्यांत पंप बसवतो. पंपाशिवाय पाणी वर चढलेलं बघितलं नाही. मेव्हणा दीपेश मात्र माना डोलावत होता. भाड्याच्या ईको गाडीत सीट भरणारा माणूस, याला काय कळतं!

३ एप्रिल, सकाळ
विचार केला. डॉक्टर म्हणाला, किडनीची नळी पिशवीला मिळते तिथे झडप असते, ती ढिली आहे. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब. सरळ सांगायचं ना! व्हॉल्व्ह खराब तर लाइनचं प्रेशर कमी ठेवायचं. हा गाढव सांगतो, भरपूर पाणी पाजा, लघवी तुंबू देऊ नका. रोज थोडं औषध द्या, पुष्कळ पोरांचं वयाबरोबर सुधारतं. औषध बायको देईल, चंद्रिका. पाण्याचं मी बघतो. टाकी भरलीच नाही तर उलटं जाणार काय?

५ एप्रिल
अंगणवाडीत ताकीद दिली, शितलला पाणी नको. बाई म्हणाल्या, एवढ्या उन्हाचं पोराला पाणी नाय देऊ? उद्धट बाई. उद्याच सरपंचांकडे तक्रार.

९ एप्रिल
ताप नाही. शितल लघवीलाही फारशी जात नाही. सिस्टिम चालू! दीपेशला मुद्दाम फोन करून ऐकवलं. त्याने विचारलं, लघवी पिवळीजर्द होते ना? म्हणजे चंद्रिकाने माहेरी चुगली केली. तिच्याशी बोलणं बंद.
तक्रार राहिली. चारोटीला काम निघालं.

१० एप्रिल
शितल मडक्यापाशी सापडली. ओरडलो. तिच्याच भल्यासाठी. मडकं वरच्या फळीवर ठेवलं.

१३ एप्रिल
ताप, हुडहुडी, उलट्या. वापी. दीपेशच्याच ईकोतून, दुसरी गाडी मिळेना. डॉक्टर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. पाणी कमी, म्हणून लघवी साचली, जंतू वाढले, तेच वर किडनीत गेले. किडनीला डाग पडला असेल तर तो जात नाही, म्हणाला.
गणित माझं बरोबर होतं. जंतूंचं कोणी बोललं नव्हतं. बोलला असेल, पण मोठ्याने बोलायला हवं होतं.

१५ एप्रिल
ताप उतरला. डागाचं स्कॅन नंतर करणार.
नर्सने शितलला ग्लासभर पाणी दिलं. ओठ सुकलेले, तरी घेईना. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, पी बाळा. तिने ग्लास धरला आणि चंद्रिकाला हळूच विचारलं, बाबा गेल्यावर पिऊ का?
मी बाहेर जाऊन उभा राहिलो.