आत्याच्या आवाजाची फाइल

१२ मे, सोम.
रोह्याला आवाज रेकॉर्डिंगच्या कॅम्पला पोचले. वर्गाच्या खिडकीतून कुंडलिका दिसते. दोघींत एक लॅपटॉप. जोडीदार तन्वी, इथलीच. सरांनी प्रोजेक्ट दिला: रविवारपर्यंत तीन मिनिटांचा ट्रॅक, त्यात एक आवाज आपल्या घरचा हवा. मी लिहिलं, आत्याचं गाणं. पुढच्या मंगळवारी तिच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन आहे, डॉक्टर म्हणालेत आवाज बदलू शकतो, हे नाही लिहिलं.

१३ मे
पुलाखाली पाणी रेकॉर्ड केलं. हेडफोन लावले की नदी कानाच्या आत येते. डोळे मिटून बसले तर आपण पाण्याखाली आहोत आणि वरून कुणीतरी हळू चालतंय असं… जेवायचं राहिलंच.

१५ मे
अर्धा दिवस सुट्टी. तन्वीला घेऊन पेणला, तिथून आत्याच्या मिठागरावर. सगळीकडे पांढरं, डोळे दिपतात. गा म्हटलं, तर आत्या म्हणाली, "आता कुठचा आवाज गो? नाय जमत." आणि मीठ ओढायला लागली. थोड्या वेळाने आम्हाला विसरली, गुणगुणायला लागली. रेकॉर्डर माझ्या हातात चालूच होता. तन्वीने माझ्याकडे पाहिलं. मी बंद नाही केला.

१६ मे
नदीच्या ट्रॅकवर आत्याचं गुणगुणणं ठेवलं. काही करावंच लागलं नाही, दोघी जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या. सर म्हणाले, मधला तिचा खोकला काढ. नाही काढला. सगळी दुपार ऐकत होते, तरंगल्यासारखं. तन्वीने विचारलं, "आत्याला सांगितलंस?"

१७ मे
फोन करून सांगितलं. आत्या म्हणाली, "चोरून घेतलास व्हय?" हो म्हटलं. ती म्हणाली, "पयला मना ऐकव. मग बाकीच्यांना."
रविवारआधी तिच्याकडे जाणं शक्य नव्हतं. सरांना सांगितलं, आवाज काढतेय. घरचा आवाज नसेल तर प्रोजेक्ट अपुरा धरावा लागेल, म्हणाले. चालेल म्हटलं. तन्वीचंही नुकसान. ती म्हणाली, "काढ."

१८ मे
आमची नुसती नदी वाजली. आत्याच्या जागी तेवढा वेळ फक्त पाणी. मला ती ऐकू येत होती. तन्वीलाही, बहुतेक. सर्टिफिकेट नाही.

१९ मे
आत्याकडे. हॉस्पिटलची पिशवी दाराशी भरून ठेवलेली. तिला हेडफोन लावले. तिने डोळे मिटले. दोनदा ऐकलं. खोकल्यापाशी हसली.
"ही मी?"
"व्हय."
तिसऱ्यांदा लाव म्हणाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी विचारलं, लोकांना ऐकवू का?
"परत आल्यावर सांगीन," म्हणाली. "माज्या तोंडानी सांगीन."
उद्या सकाळी सातला निघायचंय.